शेषेरावांचं सरण

शेषेराव मेले ते ऐन अवकाळी पावसात, आणि त्यांच्या स्वभावाला ते शोभून दिसलं. जिवंतपणी त्यांनी कधी कुणाची सोय पाहिली नव्हती. जळकोटच्या अलीकडच्या त्या गावात दोन दिवस झड लागलेली. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या. मसणवट्याच्या शेडचे पत्रे गेल्या उन्हाळ्यात उडून कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन बसले होते. कुणाच्या, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो माणूसही छत्री धरून मयतीला आला होता.

शेषेरावांची सून अंबिका घरी ओसरीवर बायकांत बसली होती, तेवढ्यात नवऱ्याचा, दयानंदचा फोन आला. सरण पेटत नव्हतं. तूप झालं, कापूर झाला. शेवटी शेजारच्या सुदामने मोटारसायकलीतलं पेट्रोल काढून ओतलं, तर असा भडका उडाला की माणसं मागच्या मागं चिखलात बसली आणि चुलतसासरे देविदासकाकांच्या भुवया गेल्या. पेट्रोल जळून गेलं, लाकडं होती तशीच. डिझेल आणायला निघालेला ट्रॅक्टर ओढ्यात रुतला होता आणि रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला होता. घरात काय असेल ते पाठव, म्हणाला.

घराच्या पुढच्या खोलीत अंबिकाचं किराणा दुकान होतं. पोरं बोटांत घालून खातात त्या तिखट नळ्यांची उंदरांनी फोडलेली पाकिटं ती नेहमी बंबात टाकायची. तेलात तळलेली नळी मेणबत्तीसारखी जळते, हे तिला माहीत होतं. तिने साखरेच्या रिकाम्या कट्ट्यात तसली पाकिटं भरली, चांगलीही भरली. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे घेतले, वाढदिवसाच्या मेणबत्त्या घेतल्या, व्हॅसलिनच्या डब्या घेतल्या. कापूस पाहिजे होता. सासू पंचफुलाबाईंनी शेषेरावांची उशी आणून तिच्या मांडीवर टाकली. धुवायलासुद्धा कधी हात लावू दिला नाही मेल्यानं, म्हणाल्या, आता फाड.

गल्लीत कट्टा न्यायला एकही गडीमाणूस उरला नव्हता. तेव्हा अंबिकाने तो डोक्यावर घेतला आणि पंचफुलाबाई छत्री घेऊन मागून निघाल्या. ओसरीवरच्या बायका बाईमाणसानं मसणवट्यात जाऊ नये म्हणून सांगत राहिल्या. पंचफुलाबाई म्हणाल्या, मग तुमच्यातल्या कुणाचा नवरा पाठवता? कुणी पाठवला नाही.

मसणवट्यात दोघींना बघून माणसं आधी मागं सरकली. मग अंबिका चिखलात गुडघे टेकून बसली. कापसाला व्हॅसलिन चोळून तिने गोळे केले, ट्रेचे तुकडे करून लाकडांच्या फटीत खुपसले आणि पाकिटं फोडून नळ्या ओतायला घेतल्या. तिथं मात्र देविदासकाकांना धर्म आठवला. जळक्या कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "सूनबाई, हे काय करायलीस? लेकरांचा खाऊ हाय त्यो. चितेत घालतेत व्हय कुणी?"

अंबिकाचा हात थांबला. सासऱ्यांना रक्तदाबामुळे नळ्या बंद होत्या आणि ते तिच्याच दुकानातून पाकिटं चोरून संडासात जाऊन खायचे, हे तिला ठाऊक होतं. पण चारचौघांत बोलावं कसं? बोलल्या पंचफुलाबाई.

"जिते व्हते तवा चोरून खाल्ले, भावजी. आता राजरोस खाऊ द्या की."

कुणी हसलं नाही. निदान आवाज करून नाही. अंबिका बाजूला झाली आणि दयानंदने पुन्हा अग्नी दिला. गोळे धरले, ट्रे धरले, नळ्या चरचरत पेटल्या, आणि हळूहळू बाभळीच्या ओल्या लाकडातून पाणी सुटून धूर निघायला लागला. त्याबरोबर सगळ्या मसणवट्यात तिखट मसाल्याचा वास पसरला. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्न नव्हतं. भजनाच्या मंडळींपैकी एकाने इतक्या मोठ्याने आवंढा गिळला की टाळ चुकला. दयानंद तोंडावर पंचा धरून हसायला लागला, खांदे गदगदायला लागले, आणि मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते त्याला कळलं नाही. सकाळपासून तो रडला नव्हता. अंबिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, व्हॅसलिनसकट.

जाळ छातीएवढा झाल्यावर पाऊस थांबला, म्हणजे थांबून उपयोग उरला नव्हता तेव्हा. देविदासकाकांनी दोघींना आता घरी जायला सुचवलं. पंचफुलाबाई रिकामा कट्टा पसरून त्यावर बसल्या. पन्नास वर्षं या माणसानं मला आधी जेवू दिलं न्हाई, म्हणाल्या, आता याचं झाल्याबिगर मी उठत न्हाई. आणि उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला त्या कुणाला न विचारताच निघाल्या. माहूरला देवीला निघाल्यासारखं नवं लुगडं नेसलं होतं. अंबिकाला वाटलं, आता वाद होणार. पण देविदासकाका टमटममधून खाली उतरले, पुढची जागा पुसली आणि वहिनींना बसायला सांगून मागे जाऊन बसले.