फरशीवरचं पाणी

एडीच्या पहिल्या वाढदिवसाला सकाळीच मी केकवरचं क्रीम आणायला गावात गेले होते. एडी मागच्या सीटवर. येताना कोरेला ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. मापाच्या खांबाची जेमतेम पहिली रेघ बुडालेली. मी गाडी घातली. मधोमध आल्यावर मागच्या चाकांची पकड सुटली आणि गाडी हातभर कडेला गेली. एडी खुदकन हसली, तिला झोका वाटला. मग चाकांनी पकड घेतली आणि मी पलीकडे.

अंगणात गाडी लावली. क्रीम फेटायला घेतलं. तेवढ्यात बाबाचा फोन.

"पाणी कसंय गं पोरी?"

"मी आत्ताच आले की. खुशाल ये."

"बघ! तुझी आई उगाच डोकं खातेय. चाळीस वर्षं जातोय इथून, एकदा तरी वाहून गेलोय का?"

"विमानात बसायचं म्हटलं की मात्र तंतरते तुझी!" माझ्या लग्नाला तो दोन दिवस गाडी हाकत आला होता.

"विमान पडतं बाई. ओढा कुठे पडतो?"

आम्ही दोघंही हसलो. गाडी सरकल्याचं मी बोलले नाही. एडीला घेऊन पाण्यात शिरले म्हणून ओरडला असता. आणि खरं सांगायचं तर, घरी पोचले म्हणजे धोका नव्हताच, असं मला वाटायलाही लागलं होतं.

तो तासाभराने एकटाच निघाला. तोवर दुसरी रेघ बुडाली होती.

त्याची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला अंजिराच्या झाडांत अडकलेली सापडली. तो आतच होता, पट्टा लावलेला. शेजारच्या सीटवर एडीसाठी केलेलं लाकडी स्टूल होतं. त्यालाही त्याने पट्टा लावला होता.

दफनानंतर आई-बाबांच्या शेजारचा क्लॅरी म्हणाला, "चाळीस वर्षं पार केला बिचाऱ्यानं. नेमकं त्याच दिवशी नशीब फिरलं."

मी कप गोळा करत राहिले. त्या चाळीस वर्षांत कितीदा त्याचीही चाकं हातभर सरकली असतील, आणि घरी येऊन त्यानेही मुकाट्यानं चहा टाकला असेल?

आईनं विचारलं, "शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी?"

"विमानावरून चेष्टा चालली होती," मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

काल पुन्हा पाऊस झाला. दुपारी आईचा फोन आला, मागे इंजिनाची घरघर.

"फरशीपाशी आलेय. एडीला बघितल्याशिवाय करमत नाही. पहिलीच रेघ बुडालीये. तू त्या दिवशी एवढ्यातूनच आलीस ना, नीट?"

"नाही, आई."

"म्हणजे?"

"नीट नव्हते आले. गाडी सरकली होती. बाबाला मी सांगितलं नाही. त्याने पाणी कसंय विचारलं, मी खुशाल ये म्हटलं."

इंजिन बंद झालं. आता फोनमधून नुसता ओढा ऐकू येत होता.

"एडी होती गाडीत?"

"हो."

मग गाडी पुन्हा सुरू झाली, रिव्हर्स पडल्याचा आवाज आला.

"घरी पोचले की फोन करते," ती म्हणाली.

ती पोचल्याचं मला क्लॅरीकडून कळलं. तिचा फोन अजून आलेला नाही.