चार बोटं माया

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या जुन्या स्टेशन वॅगनचा मागच्या बाजूचा तळाचा पत्रा चार फूट दोन इंच लांब होता, आणि वैजयंता लेकीला पाजून परत येईपर्यंत तो सात फूट झाला. गाडी बाहेरून होती तेवढीच होती. पुढचा बंपर पिंपळाच्या पाराला टेकलेला, मागचं दार गटारीच्या कडेला. वाढ झाली ती सगळी आतल्या आत.

वैजयंताने पुन्हा टेप लावली. सात फूट. सकाळी कापलेला कागदी नमुना आत टाकून पाहिला, तर तो परातीत एकटीच पुरी पडावी तसा दिसला.

"माप चुकलं तुझं," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे तिचे वडील, दत्तोबा नलवडे. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांची कुशनं शिवली, आणि त्यांनी कापलेला तुकडा कधी कमी पडला नाही, ही गोष्ट गल्लीत व्रताच्या कहाणीसारखी सांगितली जायची. दिवाळीत त्यांच्या हाताला कंप सुटला आणि मोठी कात्री त्यांनी लेकीच्या हातात दिली. दिली म्हणजे, तूर्तास दिली. ही गाडी दारात आली तेव्हा त्यांनी साफ सांगितलं होतं, "एवढं काम मापात बसवलंस तर कात्री तुझी, दुकान तुझं. तुकडा तोकडा पडला तर मी कुलूप लावणार. नलवड्यांच्या हातचं तोकडं काम बघायला मला जगायचं नाही."

"माप बरोबर आहे, तात्या. पत्रा वाढलाय."

"वाढायला काय ऊस हाय व्हय त्यो?"

समोरचा पंक्चरवाला विलास हातातली ट्यूब पाण्यात दाबता दाबता ओरडला, "वैजू, टेप धुवायला टाकलीस काय गं? आटलीया वाटतं!"

वैजयंताने कागद गुंडाळून ठेवला.

डॉक्टरीणबाईंना एक्याऐंशीवं सुरू होतं. ही गाडी घेऊन त्या गगनबावड्याच्या बाजूच्या वाड्यांवर एकेकाळी रात्रंदिवस फिरल्या होत्या. अडलेल्या बाईला मागच्या पत्र्यावर निजवायचं आणि दवाखान्यात आणायचं. कितीतरी जणी दवाखान्याची वाट न बघता तिथंच मोकळ्या झाल्या. वैजयंताचा जन्मही त्याच गाडीतला. मधल्या काळात कुणा मेकॅनिकने पत्र्यावरचं जुनं रबर उपटून फेकून दिलं होतं.

"जुनं होतं तसंच हवंय," बाईंनी बजावलं. "उभ्या रेघांचं. गुळगुळीत घातलंस तर बायका घसरतील."

"आता कुठल्या बायका, बाई?"

"शनिवारपर्यंत दे," बाई म्हणाल्या.

बुधवारी वैजयंताने बाजार पालथा घातला. एकाने फुलाफुलांचं प्लास्टिक दाखवलं, एकाने हिरवळीसारखं काहीतरी पुढे केलं. शेवटी ती उद्यमनगरात रबराची मॅटिंग काढणाऱ्या मुजावरांकडे गेली. त्यांनी मान हलवली. "असलं आता कुणी काढत न्हाई, ताई. नमुना आणा. हातभर तुकडा असला तरी साचा करतो."

हातभर तुकडा कुठून आणायचा? परत आली तर पत्रा चौदा फूट झाला होता.

दुकानात आईने आठ महिन्यांच्या जुईला रेक्झीनच्या झोळीत टाकलं होतं आणि पायाने झोका देत ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "नमुना माझ्या पाठीवर हाय की."

पडद्यामागे जाऊन आईने पाठ उघडी केली. रेघा होत्या. उभ्या, सरळ, बोटाला पाच. खांद्यापासून खाली गेलेल्या, जणू आत्ताच त्या रबरावरून उठली असावी.

"अठ्ठावीस वर्षं झाली! मला कधी बोलली नाहीस?"

"तू कधी माझी पाठ चोळून दिलीस?" आई म्हणाली. "घे आता. थंडगार बोटं लावू नको."

वैजयंताने पाठीवर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी फिरवली. रेघ न् रेघ कागदावर उठली. फक्त कमरेशी, जिथं आई आयुष्यभर वाकत आली होती, तिथं नमुना झिजला होता.

ही बातमी कुणी पसरवली ते कळलं नाही. गुरुवारी सकाळी दुकानापुढे अकरा बायका उभ्या होत्या, काही तर पहिल्या एसटीने आलेल्या.

"कंबर पायजे ना? माझी घे. मी कधी धुणं वाकून धुतलं न्हाई, दगडावर बसून धुतलं."

"तुझ्या रेघा काय बघायच्या? माझी दोन झाली त्या गाडीत. दुहेरी उमटल्यात."

"दुहेरी म्हणजे चुकीच्या! साचा बिघडंल पोरीचा!"

एकेक जण पडद्यामागे जाऊन पाठ दाखवून येई आणि बाहेर येताना मान जरा ताठ करून येई. वैजयंताने अकरा कंबरांतली सगळ्यात ठसठशीत निवडली. ती दगडावर बसून धुणाऱ्या बाईंचीच निघाली. बाईंनी बाकीच्या दहाजणींकडे पाहिलं आणि चहा मागितला.

"तुझ्या पाठीवर काय?" जाता जाता एकीने विचारलं.

"काही नाही. जुई मोठ्या दवाखान्यात झाली. माझी गुळगुळीत आहे."

"असूंदे," ती बाई म्हणाली. नवऱ्याला नोकरी नाही असं कळल्यावर म्हणतात, तशी.

आता राहिली लांबी. टेप केव्हाच संपली होती. मागचं दार उघडलं की आत दोन्ही बाजूंना खिडक्या दिसत, त्यांच्यापुढे आणखी खिडक्या, आणि त्यांच्यापुढे दिसत नसे. वैजयंताने पांढऱ्या दोऱ्याचं मोठं रीळ घेतलं, टोक बोटाला गुंडाळलं आणि रीळ पत्र्यावरून आत सोडलं. ते घरंगळत गेलं. बराच वेळ दोरा सुटत राहिला, मग थांबला. तिने दोन झटके दिले. आतून दोन झटके परत आले.

"भेटलं माप," ती म्हणाली. दाराच्या उंबऱ्याशी दोरा तोडला आणि ओढून घेतला.

मुजावरांनी एका हातात कागद घेतला, दुसऱ्या हातात दोऱ्याचा गुंडा. "एवढं?"

"एवढं. आणि वर चार बोटं."

"रबराला माया कशाला?" तात्या मध्येच बोलले. ते मुद्दाम बरोबर आले होते. "माया कापडाला सोडतात. शिवण उसवली तर, अंग भरलं तर. रबर काय भरतंय?"

"सोडा चार बोटं," वैजयंताने मुजावरांना सांगितलं.

शनिवारी सकाळी टेम्पोतून गुंडाळी उतरली. चार माणसं लागली उतरवायला. काळंभोर रबर, बोटाला पाच रेघा, कमरेशी जराही झीज नाही. आईने त्यावरून हात फिरवला आणि कुणाला काही न सांगता पदर नीट केला. डॉक्टरीणबाई पारावर काठी टेकून बसल्या होत्या. विलासनेही दुकानातलं काम बाजूला ठेवलं.

तात्यांनी गुंडाळीची मोकळी कड दाराच्या उंबऱ्याशी दाबून धरली. त्यांचे हात कापत होते, पण कड हलली नाही. वैजयंताने कात्री कमरेला खोचली, जुईला आईकडे दिलं आणि गुडघ्यांवर बसून गुंडाळी पुढे लोटायला लागली.

दोन्ही बाजूंनी खिडक्या येत राहिल्या. प्रत्येक खिडकीत तोच पिंपळ, तोच विलास, दर वेळी थोडा लहान. मागे रेघा सरळ पडत होत्या. कुठे फुगा नाही, सुरकुती नाही. तिच्या मनात आलं, तात्यांनीही असं बसवलं नसतं. आणि असं मनात आल्याची तिला लाजही वाटली नाही.

विसाव्या खिडकीपाशी पहिली बाई भेटली. पत्र्यावर बसलेली, पाठ कडेला टेकून, अनवाणी पाय पुढे.

"पाय वर घ्या, बाई," वैजयंता म्हणाली.

फरशी पुसताना घेतात तसे तिने पाय वर घेतले. गुंडाळी खालून गेली. तिने पाय टेकले आणि सुस्कारा सोडला. "पत्रा गार लागत होता गं. कुणाची तू?"

"नलवड्यांची. कुशनवाल्यांची."

"मग नीटच बसणार."

तिच्यापुढे दुसरी होती, पुढे तिसरी. दोन्ही बाजूंनी ओळीने. कुणी कण्हत होती, कुणी नुकतीच मोकळी झालेली, कुणाच्या कुशीत गुंडाळलेलं काही. वैजयंता पुढे आली की प्रत्येक जण पाय वर घेई आणि रबरावर पुन्हा टेकवी. एकीने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. एकीने विचारलं, "सगळ्यांना पुरंल ना?"

"पुरेल," वैजयंता म्हणाली.

गुंडाळी मनगटाएवढी राहिली, मग बोटाएवढी, मग सपाट झाली. बरोबर जिथे रिळाचं रिकामं लाकूड पडलं होतं तिथे. कड तिने चार बोटं आत दुमडली आणि हाताने दाबली.

रिळाच्या पलीकडे एक मुलगी बसली होती. पोट भरलेलं, पायांचे तळवे पत्र्यावर, थंडीने निळसर. पंचवीस-सव्वीसची असेल, पण जिवणी थेट जुईची.

"आई, अजून जरा सोड," ती म्हणाली.

वैजयंताने दुमड उलगडली. माया पुढे सरकली, चार बोटं. पाय अजून लांब होते.

मागून, फार दुरून, तात्यांचा आवाज आला. "पुरलं का गं?"

तिने आपले हात पाहिले. गुंडाळी लोटून लोटून दोन्ही तळव्यांवर रेघा उमटल्या होत्या. उभ्या, सरळ, बोटाला पाच. तिने तळहात उताणे करून कडेपुढे पत्र्यावर ठेवले, कडेला अगदी जोडून, रेघेला रेघ लावून.

"पुरलं, तात्या!"

"बघा!" तात्या गल्लीला सांगत होते. "बघा रं, एक बोट कमी न्हाई! माझ्या लेकीचं काम हाय!" मग तिला म्हणाले, "दार लावून बघतो गं, कुठं अडतंय का."

दार कुठेही अडलं नाही. ते हलक्या आवाजात बसलं.

"पाय ठेव आता," वैजयंता म्हणाली. मुलीने आधी डावा पाय ठेवला, मग उजवा, आणि सगळं वजन टाकलं.