दादांच्या कमरेचं माप

मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यातली. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. दोन्ही टोकांना पितळी पत्रा, अंगावर काळे ठसठशीत आकडे. आता पहिले चार आकडे पुसून गेलेत, तरी मास्तरांचं माझ्यावाचून पान हलत नाही. मित्रांनो, खोटं बोलणं मला जमतच नाही. कंबर चाळीस असेल तर मी चाळीसच सांगते, समोर कोणी का असेना. पण माझं ऐकतं कोण?

आमचे मास्तर पडले मऊ स्वभावाचे. गिऱ्हाइकाची कंबर वाढली तरी ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. पँटच्या शिवणीत आधीच माया, म्हणजे जादा कापड, दाबून ठेवायचे आणि दरवर्षी थोडं थोडं गुपचूप उसवून द्यायचे. गिऱ्हाईक खूश! "मास्तर, तुमच्या हातची पँट कधी घट्ट होत नाही बघा." अहो, होईल कशी? मला त्या कौतुकाची भारी चीड यायची.

सगळ्यात जास्त उसवलं ते दादांसाठी. दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. शेजारीच त्यांचं थंड पेयांचं दुकान होतं. जेवायला वेळ नाही म्हणून दिवसभर गोड बाटल्या आणि तळलेले बटाट्याचे काप चालायचे. वहिनी घरून डबा पाठवायच्या, तो भरलेलाच परत जायचा. छत्तीसची कंबर अडतीस झाली, अडतीसची बेचाळीस.

"भावजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," वहिनी एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या.

"अहो वहिनी, खात्यापित्या घरचा माणूस आहे, दिसणारच तसा!" मास्तर हसले आणि पुन्हा उसवायला बसले.

मग एका वर्षी दादा आले आणि मी चक्रावलेच. बेचाळीसची कंबर सदतीसवर!

"दादा, करतोस तरी काय? एकदम तरुण दिसायला लागलास की!"

"काही नाही रे, आपोआप उतरतंय." दादांनी ऐटीत हातातली थंडगार बाटली एका दमात रिकामी केली. "तहान मात्र सारखी लागते. उन्हामुळे असेल."

दुकानातल्या सगळ्यांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. मास्तर खाली वाकून पायाशी माप घ्यायला लागले. मी डाव्या घोट्याभोवती फिरले तर पायमोजा ओला लागला. वासही येत होता.

"हे काय रे?"

"नवा बूट चावलाय. काही नाही, दुखतसुद्धा नाही."

दुखत नाही म्हटल्यावर मास्तर निर्धास्त झाले. खरं सांगते, मीही झाले. अरे देवा, ते न दुखणं हेच तर भयंकर होतं!

पुढच्याच आठवड्यात दादा दुकानात कोसळले. इस्पितळात त्यांच्या रक्तातली साखर पाहून डॉक्टरीणबाईसुद्धा दचकल्या. कित्येक वर्षं मधुमेह अंगात मुरला होता. म्हणून वजन उतरत होतं, म्हणून घसा कोरडा पडत होता, म्हणून बूट चावून झालेली जखम सडत गेली तरी कळत नव्हती. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो!

मग खर्च सुरू झाला. बाप रे, काय तो खर्च! वहिनींचे दागिने गेले. दादांचं दुकान गेलं. मास्तरांची काजं करायची मशीन दोन माणसं उचलून घेऊन गेली आणि मी खुंटीवरून नुसती बघत राहिले. एका आजारात इतकं सगळं जातं?

"खाणं सांभाळलं असतं, वेळेवर रक्त तपासलं असतं, तर बहुतेक हे टळलं असतं," डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या. "घरात कोणाच्याच लक्षात नाही आलं?"

मास्तर दुकानात परतले आणि त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं.

परवा दादा आले, एका हाताला कुबडी, दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर. नवी पँट शिवायची होती. मास्तर जमिनीवर बसले. उजव्या पायाची लांबी मोजली, चाळीस. मग डाव्या कमरेशी माझं टोक धरून मला खाली सोडलं. गुडघ्याखाली थोडं गेल्यावर मोजायला पायच नव्हता. मी हवेत लोंबत राहिले. आकडा लिहायला मास्तर वहीवर वाकले आणि पानावर त्यांचे अश्रू टपकले.

"रडतोस काय वेड्या? कापड वाचलं ना तुझं!" दादा म्हणाले.



मित्रांनो, तुमच्या घरात एखादी टेप असेलच. अधूनमधून ती आईबाबांच्या, काकामामांच्या कमरेभोवती फिरवा आणि काय सांगते ते ऐका. कंबर वाढली तर पँट उसवू नका, ताटात काय वाढताय ते बघा. आणि काही न करता कोणी झरझर वाळू लागलं तर त्याचं कौतुक करत बसू नका. हाताला धरून डॉक्टरांकडे न्या, तो नको म्हणाला तरी न्या. मी माणसांना मोजायला जन्मले. असं हवेत लोंबणं मला पुन्हा सोसायचं नाही.