जाजमेला हवाल कोण विचारणार

मित्रांनो, सध्या माझ्यावर एक मोटारसायकल उभी असते. तिचं तेल ठिबकतं आणि माझ्या लाल पट्ट्यावरचा काळा डाग दिवसेंदिवस मोठा होतो. तरी मला गोणपाट समजू नका हं. मी जाजम आहे, जुनी, अस्सल लोकरीची. एके काळी क्वेट्ट्याकडच्या कलात संस्थानातले भलेभले सरदार माझ्यावर बसायच्या आधी जोडे काढत असत.

मला माहगंजने विणलं. एका वसंतात तिने अंगणात खुंट्या ठोकून माग मांडला आणि दुसऱ्या वसंतात मला उतरवलं. मधल्या थंडीत सगळं गाव मेंढरं घेऊन खालच्या उबदार मैदानात उतरलं, तेव्हा मीसुद्धा अर्धवट, मागासकट गुंडाळलेली, उंटावर बसून गेले. माझा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा. काळा रंग कुणी दिलेलाच नाही, तो बकरीचाच. मी मागावर असतानाच माहगंजला मुलगा झाला, लश्करान. म्हणजे तो आणि मी एकाच वयाचे. तो रांगायला शिकला तोही माझ्यावरच.

माहगंजचा नवरा लवकर वारला. मग तिच्या दिराने, पीरदादने, मला गावच्या बैठकीत अंथरलं, आणि माझी खरी नोकरी सुरू झाली.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि मग यजमान विचारतो, "हवाल दे." लगेच सगळे गप्प होतात. पाहुणा निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचं सगळं क्रमाने सांगतो. पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, कोण जन्मलं, कोण गेलं, दरबारात काय झालं. लपवायचं नाही आणि वाढवायचंही नाही. पण विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. न विचारता हवाल देणारा म्हणजे बाजारातला दवंडीवाला, अशी आमच्याकडची समजूत.

म्हणून तर मी निरक्षर असून मला सगळं संस्थान पाठ आहे. दरबारात खानाच्या, म्हणजे आमच्या राजाच्या, उजव्या हाताला सरावान भागातले सरदार बसत आणि डाव्या हाताला झालावान भागातले, हे मी इथेच ऐकलं. मोठ्या भूकंपात डोंगरावरचा किल्ला ढासळला, तो हवाल देणारा म्हातारा माझ्यावर बसून रडला होता. ती ओल माझ्या लोकरीत दोन दिवस राहिली. इंग्रज गेले, नवा देश झाला, तेही कळलं. त्या वेळी बैठकीत इतकी माणसं झाली की माझी एक कड फाटली. माहगंजने ती रात्र सरायच्या आत शिवली. बायका बैठकीत बसत नाहीत. ती पडद्याआडून सगळं ऐकायची आणि मला शिवताना स्वतःशीच पुटपुटायची.

लश्करान सोळा वर्षांचा झाला आणि खानाच्या घोड्यांच्या पागेत लागला. निघाला त्या सकाळी माहगंजने माझ्या दशांमधली एक दशी उचलून तिला गाठ मारली.

"तुझा हवाल आला की सोडेन," ती म्हणाली.

"अम्मा, दरवेळी सोडायची आणि पुन्हा मारायची? तुझी बोटं झिजतील."

"बोटं माझी आहेत. तू हवाल पाठव."

तो पाठवायचा. वर्षातून दोनदा कुणीतरी यायचं, घोड्यांची नावं सांगायचं, लश्करानला लाथ कुठे बसली ते सांगायचं. गाठ सुटायची आणि नवी बसायची. मग एक वर्ष काहीच आलं नाही. दुसरं वर्षही तसंच गेलं.

त्या शरदात, गाव खाली उतरायच्या आठवड्यात, पीरदादने क्वेट्ट्याहून रेडिओ आणला. सगळं गाव त्या पेटीभोवती बसलं. नेमका त्याच दिवशी गाझान आला. हा लश्करानच्या पागेतला जोडीदार, दुसऱ्या टोळीचा, चार दिवस उंटावरून आलेला. त्याला पाणी मिळालं. चहाही मिळाला. तो माझ्या कडेला, गाठीजवळच बसला.

तेवढ्यात पेटी बोलली. कलात संस्थान आता उरलं नाही, सगळी संस्थानं मिळून एकच प्रांत झाला, असं काहीतरी. मग काय, एकच गलका झाला.

"पुन्हा लाव, पुन्हा लाव," एकजण म्हणाला.

"अरे ती काय बकरी आहे, पुन्हा दूध द्यायला?" पीरदाद ओरडला.

"मग आता खान कोण?"

"कुणीच नाही. गप्प बस, ऐकू दे."

गाझानकडे सगळ्यांची पाठ होती. तो हवाल मनात क्रमाने लावत होता, ओठातल्या ओठात, जसे सगळेच लावतात. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. "पागा मोडली. घोडे विकले. लश्करान सुखरूप आहे. कराचीच्या बंदरावर पोती उचलतो. रिकाम्या हाताने घरी यायची त्याला लाज वाटते. म्हणाला, आईने बोलावलं तर येईन. बोलावणं मीच परत घेऊन जाणार आहे."

त्याने हे तीनदा लावलं. तीन पेले चहा झाला. विचारलं कुणीच नाही.

शेवटी तो उठला आणि पागोटं सारखं करत म्हणाला, "पीरदाद, तुझ्या घरी आता पेटी हवाल देते वाटतं. माझ्या उंटाला वाट लांबची आहे."

"बस की, जेवून जा," पीरदाद मान न वळवता म्हणाला.

गाझान गेला. मी खाली पडून होते, त्याच्या पायाला धरूसुद्धा शकले नाही.

संध्याकाळी, खाली जायचं सामान बांधून झाल्यावर, माहगंज पडद्याशी आली. "पीरदाद, पाहुणा लश्करानच्या पागेतला होता ना? त्याने काही हवाल दिला?"

पीरदादचा चेहरा एकदम उतरला. त्याला तेव्हा आठवलं.

"नाही दिला, वहिनी," तो म्हणाला.

खोटं काहीच नव्हतं. फक्त "मी विचारलाच नाही," एवढं वाक्य त्याने गाळलं.

"असता तर दिला असता," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पीरदादने गाझानच्या मागावर दोन माणसं पाठवली. ती हात हलवत परत आली. पीरदादने रेडिओ विकून टाकला आणि पुढे आयुष्यभर दारात आलेल्या भटक्या फकिरालाही हवाल विचारला. पण लश्करान आला नाही. तो बोलावण्याची वाट बघत राहिला असेल आणि आई हवालाची. माहगंज त्यानंतर अकरा वर्षं जगली. दर शुक्रवारी मला झाडताना ती गाठ चाचपायची. मला उत्तर ठाऊक होतं आणि तिची बोटं माझ्यावर होती, तरी मला ते सांगता आलं नाही. मित्रांनो, याहून एकटं कुणी असतं का, मला माहीत नाही.

मग डांबरी रस्ता आला, मागून फोन आला. पाहुणा दारात येण्याआधीच त्याची बातमी येऊ लागली. बैठकीत खुर्च्या आल्या. मी कोठारात गेले, आधी धान्याखाली आणि नंतर या मोटारसायकलखाली.

परवा पीरदादची पणती नाझल कोठारात चेंडू शोधत आली. नऊ वर्षांची आहे. तिच्या हाताला गाठ लागली.

"आत्या, ही गाठ कसली?"

बख्ती आत्याने दारातूनच सांगितलं, "माहगंजची. मुलाचा हवाल आला की सोडणार होती."

"मग आला?"

"नाही आला."

नाझल मोटारसायकलच्या कडेने आत सरकली आणि माझ्यावर मांडी घालून बसली. "जाजमे, तू हवाल दे."

"वेडे, जाजम कधी हवाल देते का?"

"कुणी विचारलंय का तिला आजपर्यंत?"

नाझलने माझ्या लोकरीला कान लावला. आणि मी सांगितलं, पागा मोडली इथपासून बोलावणं नेणार होता इथपर्यंत, क्रमाने, काही न लपवता आणि काही न वाढवता. तिला काय ऐकू आलं, देव जाणे. उठताना तिने गाठ सोडायला नखं लावली, पण इतक्या वर्षांनी ती दगडासारखी घट्ट झाली आहे. ती म्हणाली, "उद्या पुन्हा बघू."

मित्रांनो, जुन्या वस्तू झाडा, उन्हात टाका, त्यांच्यावर तेल सांडू नका, हे तर मी सांगेनच. पण दाराशी कुणी आलं, तर हातातलं खाली ठेवून त्याच्याकडे तोंड करा आणि विचारा. त्याच्याजवळ कुणाचा तरी लश्करान असू शकतो.

माझा हवाल संपला. रीतीप्रमाणे आता पाळी तुमची. तुमचा हवाल द्या, मी ऐकते आहे.