ऑस्लोत काढलेली दृष्ट

लेस्टरहून आम्ही एका दिवसासाठी ऑस्लोला आलो होतो आणि माझं प्लॅनिंग सकाळीच कोलमडलं होतं. सासूबाईंना कुठूनही निघायची घाईच नव्हती. पार्कात तर त्या चिडून पाय आपटणाऱ्या एका छोट्या मुलाच्या पुतळ्यापाशी थबकल्याच. येणारा-जाणारा त्याचा हात धरून फोटो काढत होता.

"दृष्ट लागलीये पोराला," म्हणत त्यांनी पर्समधून कॅफेतल्या मिठाच्या पुड्या काढल्या.

"अहो आई, म्युझियमची तिकिटं बुक केलीयेत!" मी ओरडले.

"आजी, ती बॉय ब्रॉन्झची आहे," माझी लेक ईरा म्हणाली.

"ब्रॉन्झचा असला म्हणून काय झालं?" पुतळ्यावरून मीठ ओवाळत त्या पुटपुटल्या, "आल्यागेल्याची दृष्ट जाऊ दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एक नॉर्वेजियन बाई प्रॅम ढकलत पुढे आली आणि आतल्या रडणाऱ्या बाळाकडे बोट दाखवून हसली. सासूबाईंनी त्याचीही दृष्ट काढली. बांगड्यांच्या आवाजाने बाळ गप्प झालं.

मग शेवटची पुडी फोडत त्या माझ्याकडे वळल्या.

"सकाळपासून तूही पायच आपटतेयस. ये इकडे."

मी मुकाट्याने पुतळ्याशेजारी जाऊन उभी राहिले.