भावाच्या गॅरेजची जाळी

तळ्यावर बायकांना पोहायला शिकवणाऱ्या ताईचा आवाज मोठा. पाण्यात कान बुडालेल्या माणसापर्यंत हाक पोचवायची तर घसा ताणावाच लागतो, आणि मग घरीही तो खाली उतरत नाही.

तिच्याकडे शिकायला येणाऱ्यांत पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. पाण्याला इतक्या घाबरायच्या की काठावरची शेवटची पायरी सोडायलाच त्यांना कित्येक आठवडे लागले. त्या सकाळी एकदाच्या त्या पाठीवर तरंगल्या. ताईने मानेखालचा हात हळूच काढून घेतला तरी बुडाल्या नाहीत. चक्क हसल्या. आणि तेवढ्यात पावसाळी गटाराच्या तोंडातून काळं तेल आलं, पाण्यावर सात रंग चमकवत, कुणाची परवानगी न घेता.

बाई बाहेर आल्या तेव्हा केस चिकट, दंडांवर काळे ओघळ, डोळे लालभडक. टॉवेलने पुसावं तर आणखीच पसरे. पण त्या तक्रार करीनात. "जाऊ दे गं," म्हणाल्या, "आपल्याला हे जमणारच नव्हतं."

या एका वाक्याने ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ओल्या कपड्यांवर झगा चढवून ती तडक पाणीखात्याच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या साहेबाने मान वरही केली नाही. "वरच्या कारखान्याचं असेल."

"कारखाना बंद पडून वर्षं झाली."

"मग बघू."

"तुम्ही बघाल तेव्हा बघा. मी आत्ता बघते."

आणि ती गटार धरून उलटी चालत निघाली. रस्त्यात जिथे जिथे लोखंडी जाळी दिसेल तिथे गुडघे टेकून वाकायची, नाक खुपसायची. खानावळीच्या मागच्या दारी आचारी कढईतलं जळकं तेल जाळीत ओतत होता. पुढे रंगारी ब्रश धुऊन पांढरं पाणी सोडत होता. आणखी पुढे एकजण मोटार फेसाने न्हाऊ घालत होता, आणि तो फेसही जाळीकडेच निघाला होता. ताईने प्रत्येकाला झापलं. प्रत्येकाने तेच उत्तर दिलं, "एवढ्याशाने काय होतंय?" जणू सगळ्यांनी मिळून पाठ केलं होतं.

पण काळं तेल यांचं नव्हतं. काळ्या तेलाचा माग रस्त्याच्या टोकाला, तिच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या गॅरेजपर्यंत गेला. गाडीखालचं भांडं उचलून भाऊ ते अंगणातल्या जाळीत रिकामं करत होता. वर शीळही घालत होता.

"अरे, हे काय करतोयस?"

"तेल बदललं. गटार कशाला असतं मग?"

"पावसासाठी!"

"पुढे जाऊन साफ होतं गं सगळं."

"कोण करतं साफ? घरातलं सांडपाणी जातं साफ करायला. ही नळी सरळ माझ्या तळ्यात उघडते. माझ्या बायकांच्या डोळ्यांत जातं ते!"

भावाने फडक्याला हात पुसले. "बरं बाई, बघतो."

त्याचंही 'बघतो' कचेरीतल्या साहेबासारखंच निघालं. पुढच्या आठवड्यात तळ्यावर पुन्हा तेल आलं, आणि पोस्टातल्या बाईंनी येणंच बंद केलं.

गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी, भर सकाळी, ताई सिमेंटची पिशवी आणि थापी घेऊन भावाच्या अंगणात बसली. भावजय चहा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. "ताई, हे काय?"

"बुजवतेय. त्याला सांग, मीच केलं म्हणून."

भावजयीने क्षणभर विचार केला. मग चहा ताईच्या हातात दिला आणि पाण्याची बादली जवळ सरकवली.

दुसऱ्या दिवशी भावाने इंजिन धुवायला पाइप सोडला. पाणी गेलं नाही. तेल, माती, साबण, सगळं वळून गॅरेजमध्ये शिरलं, हत्यारांच्या पेटीत गेलं, त्याच्या चपला तरंगल्या. तो तसाच, काळ्या पायांनी, आईच्या घरी आला. ताई तिथेच होती.

"हिने माझं गॅरेज बुडवलं!"

"तुझी घाण तुझ्या घरात राहिली, एवढंच झालं," ताई म्हणाली. "आवडली नाही?"

"मला अक्कल शिकवतेस? आणि आई उरलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी ओढते, ते दिसत नाही?"

ताईने आईकडे पाहिलं. आई तोंड लपवणारी नव्हती. "मग काय करू? कचऱ्यात टाकल्या आणि कुठल्या मुक्या जिवाने खाल्ल्या तर?"

संडासाचं पाणी साफ केलं तरी विरघळलेलं औषध त्यात उरतंच, हे ताईलाही माहीत होतं; तिने जुन्या गोळ्या पिशवीत भरायला घेतल्या. भावाला वाटलं, जिंकलो. पण अंगणातली जाळी बुजलेलीच होती, आणि ती फोडायला भावजय पहार द्यायला तयार नव्हती. झक मारत त्याने झाकणाचं पिंप आणलं. जुनं तेल त्यात साठू लागलं, ते नेणारा माणूसही सापडला. सांडलेल्या तेलावर पाण्याऐवजी लाकडाचा भुसा पडू लागला. बहिणीशी बोलणं मात्र बंद.

इकडे ताई आईच्या जुन्या गोळ्यांची पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने हात झटकले. "विकलेलं आम्ही परत घेत नाही."

"पैसे नकोत. नीट नष्ट करा म्हणतेय."

"बेसिनमध्ये टाका. काय होतंय?"

ताईचा आवाज चढला. दुकानातली गिऱ्हाइकं मागे सरली. तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. भाऊ होता, खोकल्याचं औषध घ्यायला आलेला. बहिणीकडे न बघता तो दुकानदाराला म्हणाला, "घेऊन टाका. ही जायची नाही. मला माहीत आहे."

दुकानदाराने कपाळावर आठ्या घालत टेबलाखालून एक खोकं काढलं. "ठेवा यात. कंपनीचा माणूस आला की त्याच्याकडे देईन."

"आणि इथे पाटी लावा, बाकीच्यांनाही कळू दे."

"लावतो, बाई, लावतो."

बाहेर पडली तरी ताईचं तोंड फुगलेलंच. भावाने न राहवून विचारलं, "आता काय झालं? तुझ्याच मनासारखं झालं ना?"

"दर वेळी एवढं ओरडावं का लागतं?" ती म्हणाली. "साधी गोष्ट आहे!"

आता ती जळकं तेल ओतणाऱ्या आचाऱ्याला गाठायला निघाली होती. खानावळीच्या वळणावर भाऊ घराकडे न वळता तिच्याबरोबर आत शिरला.