दोन जाळ्यांचा खिमा

बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो सातवीच्या पुढे गेला नव्हता, पण मटण घ्यायला आलेल्या माणसाला ते कसं शिजवायचं याचा धडा दिल्याशिवाय तो सोडत नसे. पातेलं कुठलं घ्यायचं, मीठ कधी टाकायचं, झाकण किती वेळ उघडायचं नाही, सगळं. अर्धा किलोसाठी आलेली माणसं पाव तास मान डोलावून जायची आणि तरी पुन्हा यायची. ती धड्यासाठी येत नव्हती, दुपारच्या घासामुळे येत होती.

घासाचा नियम मास्तरच्या बाबांनी घातलेला. आज जो माल विकायचा, त्यातलाच थोडा खिमा मागच्या खोलीत शिजवायचा आणि बरोबर बाराला मालकानं फळीमागे उभं राहून गिऱ्हाइकांदेखत खायचा. मग कुणी विचारलं की आजचं खाल्लंय का, तर मान ताठ ठेवून सांगायचं, खाल्लंय. बाबांनी हे तीस वर्षं केलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान मुलाच्या हाती देऊन ते वरच्या मजल्यावर खिडकीशी जाऊन बसले. पुढे दातांनीही राजीनामा दिला. तेव्हापासून दोन वर्षं सूनबाई त्यांना वाटीत मऊ खिमा नेऊन द्यायची आणि बाबा तो मुकाट्यानं खायचे.

आणि मास्तर गेले आठ महिने त्याच फळीमागे उभा राहून धादांत खोटं बोलत होता.

झालं असं, की जनावरं बघायला गेला असताना त्याला कुरणात गोचीड चावली. गोचिडीचं कौतुक ते काय, त्यानं ती ओढून काढली आणि विसरून गेला. महिन्याभरानं एका संध्याकाळी, घास खाऊन चार तास झाले असतील, त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की चार पायांच्या कुठल्याही जनावराचं मांस आता तुम्हाला चालणार नाही. एखादं वर्ष असेल, कदाचित कायमचंच. मास्तर आधी हसला. मग त्यानं आपला धंदा काय आहे ते सांगितलं. डॉक्टर काही हसले नाहीत.

घास बंद करावा, तर बाजार म्हणणार की मालकच आपलं मटण खात नाही. कोंबडी खावी, तर ती उभ्या बाजारानं वासावरून ओळखली असती. खरं सांगावं, तर वर खिडकीत बाबा बसलेले. खाटकाच्या पोराला मटण बाधतं हे त्यांना सांगायचं म्हणजे पोहणाऱ्याच्या पोरानं पाण्याला भ्यायचं. मास्तरची जीभ दिवसभर चालायची, पण एवढ्या एका वाक्याला ती टाळ्याला चिकटून बसली.

वाट काढली ती बायकोनं. तीन गल्ल्या पलीकडे एक बाई वाटाणा, सोयाबीन आणि अळंबी यांचा खिमा करून विकायची. तिचं पाकीट बायकोनं आणून समोर ठेवलं. पत्ता तुला कसा ठाऊक, असं मास्तरनं विचारलं, तेव्हा बाजारात फिरणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं असं म्हणून ती कांदा चिरायला बसली. मास्तरनं तो भुसा चिमटीत धरून बघितला, नाक मुरडलं आणि नाइलाजानं खाल्ला. मग गळ्यावर हात ठेवून खुर्चीत बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला. चार तास झाले. पाच झाले. गांधी नाही, सूज नाही, काही नाही. त्याचा जीव असा काही भांड्यात पडला, की तो खुर्चीतच घोरायला लागला.

पुढं पुढं तर त्याला त्या भुशात गुणही दिसायला लागले, अर्थात मनातल्या मनात. हाडाची कपची दाताखाली येत नाही. पापुद्रा काढत बसावं लागत नाही. दहा मिनिटांत शिजतो, आटून निम्मा होत नाही आणि जेवल्यावर पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटत नाही. मसाला तर असा ओढून घेतो, की चार हात लांब उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाणी सुटावं. फसला नाही तो एकटा दुकानातला बोका. त्याला ताटलीतला शेवटचा घास मिळायचा. आता तो हुंगायचा, मास्तरकडे एकदा बघायचा आणि शेपटी वर करून निघून जायचा. गिऱ्हाइकांना संशय नको म्हणून मास्तर त्याच्यासाठी खऱ्या मटणाचा तुकडा मुठीत लपवून ठेवायला शिकला.

एक मात्र त्याला सहन होईना. खिम्याचा पोत. सगळा कसा एकसारखा, पिठाच्या गोळ्यासारखा. आठवडाभर त्यानं तोंड बंद ठेवलं, आणि मास्तरच्या मानानं तेही पुष्कळ झालं. मग तो त्या बाईच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिला धडा दिला. आधी सगळा माल खिमा यंत्राच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून काढायचा. मग त्यातला निम्मा बारीक जाळीतून. मग दोन्ही हलक्या हातानं एकत्र करायचे, मळायचे अजिबात नाहीत. ही रीत त्याच्या घराची होती, बाजारात दुसरा कुणी असा खिमा काढत नसे. बाईनं निमूटपणे करून बघितलं, चव घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळाच माल तसा काढायला लागली. मास्तर खूश झाला. आपण घरचं गुपित फुकटात वाटून आलो हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

असे आठ महिने गेले. मग एका सकाळी बाबांनी वरून निरोप धाडला, की उद्या मी खाली येणार. दुकानात बसणार आणि दुपारचा घास तुझ्याबरोबर, एकाच ताटलीतून खाणार.

मास्तरची पाचावर धारण बसली. बाजारात बाबांच्या जिभेचा दरारा होता. जनावर डोंगरावर चरलं की सपाटीवर, हे ते एका घासात सांगत. ताटलीत खरा खिमा ठेवावा, तर मास्तर संध्याकाळी दवाखान्यात. तो भुसा ठेवावा, तर बाबा भर दुकानात सगळ्यांसमोर तोंडातला घास बाहेर काढणार. गेली सगळी अब्रू. त्यानं बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "जे रोज असतं तेच ठेवा." एवढी शांतपणे म्हणाली, की त्याला तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी बाबा एका हातानं कठडा आणि दुसऱ्यानं सुनेचा खांदा धरून एकेक पायरी उतरले. फळीमागच्या उंच स्टुलावर बसले, सत्तुराची धार अंगठ्यानं तपासली आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत राहिले. बाराला दुकानात सात-आठ माणसं होती. पुढे उभी होती शिलाई करणारी मावशी. आजचं खाल्लंय का, असं विचारल्याशिवाय ती कधी पिशवी पुढे करत नसे.

ताटली आली. बाबांनी घास घेतला, डोळे मिटले आणि हिरड्यांनी सावकाश चावत राहिले. मास्तरला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

"दोन जाळ्यांचा आहे," बाबा म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी दुसरा घास घेतला. "पण माझ्या वाटीत येतो त्यापेक्षा जरा जास्त परतलाय."

मास्तरला काही कळेना. तो बायकोकडे बघायला लागला. ती पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होती.

"अरे, दोन वर्षं हेच खातोय मी," बाबा म्हणाले. "दात गेल्यावर मटण चावेना. सूनबाईला म्हटलं, त्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल, बापाला आपलं मटण चालत नाही म्हणून. आणि आठ महिन्यांपूर्वी वाटीतला हा खिमा एकाएकी आपल्या हातचा झाला. दोन जाळ्या, हलका हात. आता आपल्या घराबाहेर ही रीत कुणाला ठाऊक आहे? तेव्हाच मी समजलो, की तूही तिथं जातोस. बोलशील, बोलशील म्हणून वाट बघितली. तू काही बोलेनास. म्हणून उतरलो खाली."

मास्तरचे डोळे भरून आले. तो नुसता म्हणाला, "मला मटण बाधतं, बाबा. गोचीड चावली होती."

"मग बाधेल. माझे गुडघे दुखतात, मी लपवतो का?"

मावशीचा चेहरा कडक झाला. आठ महिने आपण रोज विचारत होतो आणि हा रोज खाल्लंय म्हणत होता, असं ती एकेक शब्द तोलून म्हणाली. मास्तरनं मान खाली घातली. हो म्हणाला. चुकलं म्हणाला. त्यापुढे त्याला धडा काही सुचला नाही.

तेव्हा मागून बायको पुढे आली. "मावशी, रोजच्या मटणातला घास मी खाल्लाय. आत, सकाळीच. एक दिवस चुकवला नाही. दोनदा माल परत धाडलाय मी, विचारा त्यांना, का धाडला ते त्यांनाही माहीत नाही." मास्तरला ते दोन दिवस आठवले. तेव्हा तो तिच्यावर चांगलाच भडकला होता.

बाबा फळीवर हात ठेवून म्हणाले, "मी नियम घातला तो मटण खायचा नव्हता. विकतोस ते खा, असा होता. तू खातोस ते विकत नाहीस, एवढंच चुकतंय." मग त्यांनी ताटली मावशीपुढे सरकवली. "हे मांस नाही, बाई. वाटाणा आणि सोयाबीन आहे. खाऊन बघा."

मावशीनं चिमूटभर तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. मग म्हणाली, की तिच्या सासूलाही डॉक्टरांनी मटण बंद केलंय आणि म्हातारी दोन महिने भांडतेय. उद्या आणून ठेवा, बघते. पिशवी तिनं त्या दिवशी पुढे केली नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती आली. काचेच्या कपाटात आता दोन परातींत माल होता, एकीवर मास्तरनं ठळक अक्षरांत ‘वाटाणा-सोयाबीन, मांस नाही’ अशी पाटी लावली होती. बारा वाजून गेले होते, फळीवर दोन रिकाम्या ताटल्या होत्या आणि बोका त्यांपैकी एकीकडेच बघत होता. मावशीनं पाटी वाचली, सावकाश, दोनदा. मग त्या परातीवर बोट ठेवून विचारलं, "हे आज खाल्लंय का?"

"खाल्लंय," मास्तर म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याची मान खरोखर ताठ होती.

मावशीनं बोट शेजारच्या परातीकडे नेलं. "आणि हे?"

मास्तरनं मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "मी खाल्लंय, मावशी."

मावशीनं पिशवी पुढे केली.